उघडं चेंबर नेमकं कोणाचं? नागपूरच्या मनीषनगर-बेसा भागातल्या ताईंना उत्तर

ताई, मनीषनगरहून बेशाकडे जाताना आतल्या गल्लीत तिन्हीसांजेला तुमच्या सासूबाईंचा पाय फुटक्या चेंबरमध्ये गेला, घोटा मोडला, आणि तेव्हापासून एक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतंय. चेंबर कोणाचं, भरपाई मिळते का, आणि झाकण बसेपर्यंत काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं आधी घेतो, कारण ते आजच रात्री करायचं आहे.

अशा भगदाडात दगड किंवा झाडाची फांदी टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. दिवसा चालून जातं. रात्री मात्र त्याच दगडावर एखादा दुचाकीवाला आदळतो. त्यापेक्षा रंगाच्या रिकाम्या डब्यात मलबा भरा, त्यात उंच बांबू रोवा आणि त्याला रेडियमची पट्टी गुंडाळा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि गल्लीतली पोट्टी आत डोकावून, उतरून बघतात, त्यांना आधी दम द्या. गडर लाइनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या चेंबरमध्ये विषारी वायू साचलेला असतो, उतरणारा माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो. बॉल, मोबाइल, काहीही पडलं तरी उतरायचं नाही.

आता चेंबर कोणाचं. आधी ते चेंबर कशाचं आहे ते बघा, कारण तक्रार चुकीच्या खिडकीवर जाते ती इथेच. गोल, जड झाकण गल्लीच्या मधोमध आणि पुढे-मागे तशीच झाकणं एका ओळीत असतील तर बहुधा गडर लाइन. कडेला जाळी किंवा सिमेंटची लांबट फरशी असेल तर पावसाळी नाली. आत व्हॉल्व्ह दिसला तर पाण्याची लाइन, केबलांचा गुंता दिसला तर टेलिफोन-इंटरनेटवाल्यांचं.

मग येतो रस्ता कोणाचा हा भाग, आणि तुमची जागा त्यासाठी फारच वाईट आहे. इकडे महापालिका, तिकडे बेसा-पिपळा नगरपंचायत. लेआउट जुन्या गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीविना प्लॉट पाडलेला असेल, नंतर आरएल (नियमित केल्याचं पत्र) मिळालेला असेल, तर नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, मध्ये पडते. शहराच्या हद्दीबाहेर २०१७ पासून एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. मोठ्या रस्त्यांवर पीडब्ल्यूडी, नॅशनल हायवे, मेट्रो यांची भर. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. तिथल्या खड्ड्याची तक्रार करायला गेलं तर आधी मजला विचारतील की काय कोण जाणे.

म्हणून माझा सल्ला, मालक शोधत फिरू नका. एकच अर्ज लिहा, वर संबंधित सगळ्या कार्यालयांची नावं घाला आणि प्रत्येकाकडून तारखेची पोच घ्या. तोंडी सांगणं आणि फोन हे न केल्यासारखंच आहे. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्या: या गल्लीत शेवटचं काम कोणी केलं, कार्यादेशाची प्रत, कंत्राटदाराचं नाव आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. यातली खरी गंमत कलम ६(३) मध्ये आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे 'आमचा रस्ता नाही' एवढं सांगून सुटता येत नाही, कोणाचा आहे ते कागदावर लिहून द्यावं लागतं. तो कागद जपून ठेवा.

झाकणं अशी का फुटतात, हेही तुम्ही ओघात विचारलंय. चोरी होते, पण सगळा दोष भुरट्यांवर ढकलू नका. आपल्याकडे सिमेंट रोड झाले तेव्हा रस्ता उचलला गेला, कडेला गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवले, आणि चेंबरची चौकट बऱ्याच ठिकाणी जुन्याच उंचीला राहिली. ती वर घ्यायचं काम निराळं, त्याचं बिल निराळं. मग झाकण खोलगट खड्ड्यात बसतं आणि प्रत्येक चाक त्यावर आपटतं. तुमच्या बाजूला तर रोज नव्या स्कीमची बांधकामं, गिट्टी-रेतीचे टिप्पर दिवसभर आतल्या गल्ल्यांतून. गट्टूखालचा भरावही पावसात खचतो आणि सिमेंट रोडची कड पायरीसारखी उघडी पडते. स्कूटीवरून ती कड तिरपी उतरू नका, वेग कमी करून सरळ उतरा.

आणखी एक कारण आपणच. गल्लीत पाणी तुंबलं की कोणीतरी सब्बल (पहार) घेऊन झाकण उचलतो आणि पाणी ओसरल्यावर परत लावायचं विसरतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, बर्डीच्या मोरभवन बसस्थानकात बस बुडाल्या. तसल्या पाण्यात उघडं चेंबर दिसणार कुठून? नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं दिसलं तर गाडी घालू नका, वळसा घ्या. आणि कोपऱ्यावरच्या उघड्या डीपीचं, म्हणजे विजेच्या पेटीचंही तुम्ही विचारलंय, तर वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर आजच फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तिला हात लावून दार बंद करायला जाऊ नका.

आता भरपाई. मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल निकाल दिलाय: मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमेच्या गांभीर्याप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. दावे बघायला समिती, त्यात महापालिका असेल तर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. नगरपालिका-नगरपंचायतीत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. रक्कम दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आणि ती जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायची. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायचा, हेही त्यातच आहे, आणि म्हणूनच मी मघापासून पोच, पोच करतोय. ते ४८ तास त्या शिक्क्यापासून मोजता येतात.

पण दावा टिकतो पुराव्यावर. सासूबाईंना मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत नेलं असो किंवा खासगीत, केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच वाचा. घाईत लोक 'पाय घसरला' सांगतात, डॉक्टर तेच लिहितात, आणि पुढे चेंबरचा संबंधच उरत नाही. तुमच्या कागदावर तसं असेल तर डॉक्टरांना भेटून चेंबरमध्ये पाय गेल्याची नोंद करायला लेखी विनंती द्या. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन जागेचा पंचनामा मागा, तोही लवकर. कारण तक्रारीचा गवगवा झाला की रातोरात नवं झाकण बसतं आणि मग 'कुठंय खड्डा?' असं तुम्हालाच विचारतात. म्हणून आताच फोटो काढा: एक जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून, एक लांबून, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा, एक संध्याकाळचा, खांबावरचा दिवा बंद असेल तर तोही येईल असा. शेजारच्या दोन घरांची सही घ्या की चेंबर आधीपासून फुटलेलं होतं. कॅमेरा असलेलं दुकान असेल तर रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत मागा.

पेपरला द्यावं का, म्हणालात. द्या, पण पंचनाम्यानंतर. आणि वकील लगेच लागेल असं मला वाटत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, बायकांना तिथे मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना केसपेपर, फोटो आणि पोचपावत्या यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.