डेबियनकडे पॅकेज मागताना

प्रश्न: मी डेबियन 13 ही लिनक्स प्रणाली वापरतो. मला लागणारा एक छोटा सी प्रोग्रॅम डेबियनच्या पॅकेजांत नाही. सोर्स उतरवून त्यापासून प्रोग्रॅम बांधणारं मेक चालवलं, तर 'एसक्यूलाइट3.एच सापडत नाही' असा एरर येतो. लिबएसक्यूलाइट3-0 तर इन्स्टॉल आहे! आणि हे पॅकेज डेबियनमध्ये यावं म्हणून विनंती कुठे करायची?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आधी एरर बघू. लिबएसक्यूलाइट3-0 हे तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरतं आहे. कंपायलरला हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या .एच फाइली, लागतात आणि डेबियन त्या वेगळ्या ठेवतं, तुमच्या बाबतीत लिबएसक्यूलाइट3-डेव्ह या पॅकेजात. इथे अंदाज बांधू नका. झेडलिब.एच हे हेडर झेडलिब1जी-डेव्हमध्ये असतं, हे कुणाला सुचणार? ॲप्ट-फाइल बसवा, फाइलचं नाव द्या, ते पॅकेज सांगेल.

विनंतीसाठी रिपोर्टबग हे तक्रारी नोंदवायचं साधन चालवून डब्ल्यूएनपीपी (हव्या असलेल्या पॅकेजांची यादी) हे नाव द्या आणि आरएफपी, म्हणजे 'कुणीतरी पॅकेज करा', हा प्रकार निवडा. त्याआधी तिथली यादी चाळा. त्याच प्रोग्रॅमवर आयटीपी, म्हणजे 'मी पॅकेज करतो', दिसला, तर कुणीतरी काम हाती घेतलेलं आहे. नवी विनंती न टाकता तिथेच लिहा. अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवी पॅकेजं आधी येतात त्या डेबियनच्या शाखेत, पॅकेज आधीच आलेलं नाही ना, तेही पाहा.

आरएफपी टाकला म्हणजे कुणावर काम सोपवलं असं होत नाही. डेबियन स्वयंसेवकांवर चालतं आणि कित्येक विनंत्या वर्षानुवर्षं पडून असतात. उचलल्या जातात त्या नेमक्या माहितीच्या, म्हणून मी प्रत्येकाला एकच आग्रह करते: बांधणीला काय काय लागतं ते स्वतः तपासून लिहा. आणि ते रोजच्या मशीनवर तपासू नका. तिथे पूर्वी कधीतरी बसवलेली डेव्ह पॅकेजं असतात, कॉन्फिगर स्क्रिप्टला ती सापडतात, बांधणी सुरळीत होते आणि तुमच्या यादीत त्यांचं नावच येत नाही. एसबिल्ड हे बांधणीचं साधन वापरा. ते दर वेळी कोऱ्या क्रूटमध्ये, म्हणजे तुमच्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या किमान डेबियनमध्ये, बांधतं. डेबियनची अधिकृत बांधणीही त्यानेच होते. तिथे जे अडतं, तेच बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, लिहायचं. जीसीसी, मेक वगैरे बिल्ड-एसेन्शियलमधली, म्हणजे बांधणीत गृहीतच धरलेली, नावं लिहायची गरज नाही.

सगळ्यात जास्त घोडं अडतं ते इंटरनेटपाशी. डेबियनच्या मुख्य विभागातल्या पॅकेजला बांधणी चालू असताना नेटवरून काही उतरवता येत नाही. पिप, एनपीएम किंवा कार्गोने आयत्या वेळी लायब्ररी ओढणारा प्रोग्रॅम असेल, तर त्यातली प्रत्येक लायब्ररी आधी डेबियनमध्ये हवी. एका विनंतीमागे वीस विनंत्या उभ्या राहतात त्या अशा. तुमचा प्रोग्रॅम साध्या सीमध्ये आहे आणि एसक्यूलाइट डेबियनमध्ये आहेच, त्यामुळे तुमचं काम पुष्कळ हलकं आहे.

म्हणूनच मला मनापासून वाटतं, आरएफपीवर थांबू नका, आयटीपी टाकून पॅकेज तुम्हीच करा. डेबियन फोल्डरमधली कंट्रोल फाइल लिहून झाली, की सोर्सच्या फोल्डरमध्ये 'ॲप्ट बिल्ड-डेप ./' दिल्यावर लागणारं सगळं बसतं. अपलोडसाठी प्रायोजक, म्हणजे तुमचं पॅकेज तपासून तुमच्या वतीने चढवणारा डेबियन डेव्हलपर, लागेल. नवख्यांसाठी डेबियन मेंटर्सची सोय आहे. परवाना मात्र आजच बघा. सोर्समध्ये परवान्याची फाइलच नसेल, तर मूळ लेखकाला लिहून ती आधी घालून घ्या. नवं पॅकेज आत घेताना प्रत्येक फाइलचा कॉपीराइट आणि परवाना तपासला जातो.