बाळाच्या हृदयाला छिद्र आहे; एक डॉक्टर थांबायला सांगतात, दुसरे ऑपरेशन सुचवतात. आम्ही काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की मुलगी चार महिन्यांची आहे. दीड महिन्याची असताना यवतमाळला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, तेव्हा हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, म्हणजे व्हीएसडी, असल्याचे कळले आणि तिथल्या डॉक्टरांनी औषधे सुरू करून थांबायला सांगितले. आता नागपूरच्या डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला आहे. घरच्या मंडळींचे म्हणणे असे की हल्ली बरेच नवे संशोधन झाले आहे, तेव्हा बिनऑपरेशनचा मार्ग निघेपर्यंत वाट पाहावी. मी नागपुरात बालरोगतज्ज्ञ आहे आणि विदर्भातील हृदयविकार असलेल्या मुलांना वर्षानुवर्षे तपासत राहणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या मुलीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे तिचा निर्णय इथे बसून देणे योग्य होणार नाही. मात्र दोन डॉक्टरांच्या बोलण्यात फरक का पडला आणि तो कशाच्या आधारे मिटवायचा, हे सांगता येईल.

पहिली गोष्ट ही की ते दोघेही बरोबर असू शकतात, कारण त्यांनी दोन वेगवेगळ्या वयाचे बाळ पाहिले आहे. हजार जिवंत जन्मांमागे आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो आणि त्यांत व्हीएसडी सर्वाधिक आढळतो. पडद्याच्या स्नायूच्या भागातील लहान छिद्रे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. पडद्याच्या वरच्या, पातळ भागातील छिद्रे काही मुलांमध्ये लहान होत जातात, काहींत होत नाहीत. फुप्फुसधमनीच्या झडपेखालचे छिद्र मात्र सहसा आपोआप बुजत नाही, उलट शेजारच्या महारोहिणीची (शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीची) झडप त्यात ओढली जाऊन ती गळू लागण्याचा धोका असतो. म्हणून ‘छिद्र आहे’ एवढ्या माहितीवर कोणालाच काही ठरवता येत नाही. ते कुठे आहे, किती मोठे आहे आणि त्यामुळे हृदयावर व फुप्फुसांवर किती भार पडतो आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे मोठे छिद्र असले तरी त्यातून फारसे रक्त पलीकडे जात नाही. बाळ ठणठणीत दिसते आणि पहिल्या दिवशीच्या तपासणीत छातीत आवाजही येत नाही. चार ते सहा आठवड्यांत या वाहिन्या सैल होतात, डावीकडचे रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत जाऊ लागते, आणि मग बाळाला धाप लागणे, दूध पिताना दमणे, वजन न वाढणे हे सुरू होते. ‘जन्मली तेव्हा काहीच नव्हते, मग हे आले कुठून’ असे अनेक आईवडील विचारतात आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना किंवा स्वतःला दोष देतात. त्यात कोणाचीही चूक नसते.

ओपीडीत मी आईला समोरच दूध पाजायला सांगते, कारण त्या दहा मिनिटांत जे दिसते ते कागदावर नसते. निरोगी बाळ एका लयीत ओढत राहते. भार पडलेले बाळ मिनिट-दोन मिनिटे ओढते, थांबते, धापा टाकते, पुन्हा तोंड लावते. डोक्यावर पंखा चालू असतानाही कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, आणि अर्धे दूध पिऊन ते थकून झोपते. थोड्या वेळाने भुकेने पुन्हा रडत उठते. घरी तुम्हीही हे पाहा. बाळ शांत झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा आणि आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. या वहीचा तुमच्या डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आता इकोच्या अहवालाकडे वळू. त्यात छिद्राच्या मापाशेजारी ‘ग्रेडियंट’ असा एक आकडा असतो. पालक तो वाचत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारावा. डाव्या कप्प्यातील दाब उजव्या कप्प्यापेक्षा किती जास्त आहे, हे त्यावरून कळते. समजा बाळाचा वरचा रक्तदाब ८० आहे आणि छिद्रातून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जाते आहे, तर ग्रेडियंट साधारण ६४ येतो. म्हणजे उजव्या बाजूचा दाब जेमतेम १६ आहे आणि फुप्फुसे सुरक्षित आहेत. हाच आकडा १५-२० असेल तर दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे झालेले असतात, आणि छिद्र मोठे आहे हे त्यावरून समजावे. बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात आणि आवाज करत उडते, तसेच लहान छिद्राचे असते. म्हणूनच छातीतला मोठा आवाज अनेकदा लहान छिद्राचा असतो, आणि आवाज कमी झाला म्हणजे छिद्र बुजले असे मानता येत नाही.

इथे मला तुमचे सर्वाधिक लक्ष हवे आहे, कारण विदर्भातल्या किती तरी मुलांचे नुकसान याच ठिकाणी होते. मोठे छिद्र असलेले बाळ काही महिन्यांनी ‘सुधारू’ लागते. धाप कमी होते, घाम कमी येतो, वजन वाढते, औषधांची गरज भासेनाशी होते. ही सुधारणा दोन कारणांनी होऊ शकते. एक, छिद्र खरोखर लहान झाले. दुसरे, सतत जास्त दाबाचे रक्त सोसून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊ लागल्या, तिथला विरोध वाढला आणि म्हणून फुप्फुसांकडे जाणारे जादा रक्त कमी झाले. बाहेरून दोन्ही बाळे सारखीच बरी दिसतात. दुसऱ्या प्रकारात हा बदल पुढे कायमचा होतो, रक्त उलट दिशेने वाहू लागते आणि मूल निळे पडते. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था एकदा आली की छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. आज औषधांनी अशा रुग्णांचे जगणे थोडे सुसह्य करता येते, पण गेलेली वेळ परत आणता येत नाही. बाळ बरे दिसू लागले म्हणून तपासणी बंद करणाऱ्या कुटुंबांची मला म्हणूनच फार काळजी वाटते.

भारतातील बालहृदयतज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. छिद्र मोठे असेल आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला भार न पेलल्याने होणारा त्रास, औषधांनी आवरत नसेल, तर वयाची वाट न पाहता शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करावी. औषधांनी आवरले तरी सहा महिन्यांच्या सुमारास ती व्हावी. मध्यम छिद्राचा त्रास औषधांनी आटोक्यात असेल तर एक-दोन वर्षांपर्यंत थांबता येते. लहान छिद्राला, फुप्फुसाचा दाब आणि झडपा व्यवस्थित असतील तर, केवळ ठरावीक काळाने तपासणी पुरते. दीड महिन्याच्या बाळाला औषध देऊन थांबायला सांगणारे आणि चार महिन्यांच्या बाळाला शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगणारे डॉक्टर एकच वेळापत्रक पाळत असण्याची शक्यता आहे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

‘आधी दहा किलोची होऊ द्या, मग ऑपरेशन करा’ हा सल्ला नातेवाईक अजूनही देतात. मोठ्या छिद्राच्या बाळाचे वजन छिद्रामुळेच वाढत नसते, त्यामुळे वजनासाठी थांबणे म्हणजे फुप्फुसांचा वेळ वाया घालवणे. अनुभवी केंद्रांत चार-पाच किलोच्या बाळांची ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे आणि केवळ व्हीएसडी असेल तर मृत्यूचे प्रमाण शेकड्याला एकाच्या आसपास असते. कुपोषण किंवा छातीचा संसर्ग झाला की धोका वाढतो, आणि उशीर झालेल्या बाळांत नेमके हेच दोन्ही आढळतात.

घरच्यांच्या नव्या संशोधनाच्या मुद्द्याला मी हलके लेखत नाही. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात खरोखर मोठी कामे झाली आहेत. मांडीच्या शिरेतून नळी घालून छिद्रावर बसवायची, ते बंद करणारी बटणे आता अधिक मऊ आणि लहान झाली आहेत आणि निवडक व्हीएसडी त्यांनी बंद करता येतात. परंतु त्यासाठी मुलाचे वजन पुरेसे लागते, छिद्राच्या कडेपासून महारोहिणीच्या झडपेपर्यंत जागा लागते, आणि छिद्राशेजारून जाणाऱ्या विद्युतवाहक तंतूंवर बटणाचा दाब येऊन हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. चार महिन्यांच्या बाळाच्या मोठ्या छिद्रासाठी शस्त्रक्रिया हाच आजही प्रस्थापित उपचार आहे.

‘अमक्याच्या बाळाचे औषधानेच बंद झाले’ असे कोणी सांगितले असेल, तर ती गोष्ट बहुधा पीडीएची असते. ती वेगळी व्याधी आहे. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांत महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी नळी उघडी राहते आणि ती काही वेळा औषधाने आकसते. २०१९ मध्ये अमेरिकेत ७०० ग्रॅम वजनाच्या बाळालाही बसवता येईल अशा बटणाला मान्यता मिळाली. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांवरील युरोपीय चाचणीत असे दिसले की यांतल्या अनेक बाळांत लगेच औषध न देता नजर ठेवून थांबणे औषध देण्यापेक्षा वाईट ठरले नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी तान्ह्या बाळांना स्टेरॉइड द्यावे का, याविषयीची सुमारे १२०० बाळांची अमेरिकन चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातही अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. मला ही संशोधने फार मोलाची वाटतात, कारण कोणता उपचार गाळता येईल हे कळल्यानेही बाळाचे भलेच होते. पण मोठ्या व्हीएसडीच्या बाबतीत ‘थांबून पाहा’ असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही.

शस्त्रक्रियेने व्हीएसडी बंद करण्याचा इतिहास सात दशकांचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी मुलाशेजारी त्याच्या वडिलांना झोपवून, वडिलांच्या रक्ताभिसरणावर मुलाला जगवत पहिल्यांदा हे छिद्र शिवले. आज ते काम हार्ट-लंग मशीन करते.

विदर्भातील पालक म्हणून एक चाचणी तुम्ही आग्रहाने मागून घ्यावी, ती सिकलसेलची. आपल्या भागात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, आणि मशीनवर असताना शरीर थंड केल्यास किंवा प्राणवायू कमी पडल्यास अशा मुलांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून वाहिन्या अडवू शकतात. आधी माहीत असेल तर रक्त बदलणे, शरीर कमी थंड करणे अशी तजवीज करता येते. सहा महिन्यांखालील बाळात साधी सोल्युबिलिटी चाचणी फसवी असते, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी ही तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेपर्यंत स्तनपान चालू ठेवा. बाळ दमत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे द्या. लसी थांबवू नका. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि बाळाला उलट्या किंवा जुलाब झाले, तर लघवी वाढवणारे औषध चालू ठेवायचे की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

मुंबईला जावे का? केवळ व्हीएसडी असेल तर मुंबई गाठणे अनिवार्य नाही, या शस्त्रक्रिया नागपुरातही होतात. ज्या रुग्णालयात जाल तिथे हे विचारा की सहा महिन्यांखालील बाळांच्या शस्त्रक्रिया त्यांच्याकडे नियमित होतात का, आणि लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता कक्षात रात्रीही अनुभवी डॉक्टर हजर असतात का. उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर दुसरे ठिकाण पाहा. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया येतात, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांना मदत मिळते. यवतमाळच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी चौकशी करा. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते आणि विदर्भातून तिथे जाणे सोपे आहे. मात्र तिथे आणि योजनेतही प्रतीक्षा असू शकते, म्हणून नोंदणी आजच करा, निर्णय पुढे बदलला तरी नोंदणी रद्द करता येते.

या आठवड्यातच दोन्ही इको अहवाल घेऊन बालहृदयरोगतज्ज्ञांकडे जा, ग्रेडियंट आणि फुप्फुसाचा दाब दोन्ही अहवालांत शेजारी शेजारी ठेवून समजावून घ्या. त्यांनी थांबायला सांगितले तर पुढच्या इकोची तारीख कागदावर लिहून मागा. दरम्यान झोपेतही श्वास मिनिटाला साठच्या वर राहू लागला, बाळाने सलग दोन वेळचे दूध सोडले, ओठ निळसर दिसले किंवा अंग थंड व निस्तेज झाले, तर तारखेची वाट न पाहता लहान मुलांची अतिदक्षता सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात लगेच न्या, आणि जाताना चालू औषधांची बाटली व अहवाल सोबत ठेवा.