नाला वळवला तरी तळं हिरवंच का राहतं?

तुमचा प्रश्न असा, की सांडपाण्याचा नाला वळवून दोन वर्षं झाली तरी एप्रिल-मेमध्ये गावतळं हिरवंगार होतं, घाण वास येतो आणि आता ठेकेदार जिवाणूंचं कल्चर गळ्यात मारतोय. ते पैसे तूर्त थांबवा. आधी तळाचा गाळ बघा.

तळं हिरवं होतं ते शेवाळाने, आणि शेवाळाचं खत म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. नायट्रोजनला वायू होऊन उडून जायची वाट असते, फॉस्फरसला ती नाही. मैला, साबण, शेतातलं डीएपी यांतून वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस गाळातच साठतो. तळाशी ऑक्सिजन आहे तोवर गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं. उन्हाळ्यात सडणारं शेवाळ तो ऑक्सिजन संपवतं, लोह विरघळतं आणि धरलेला फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात पाण्यात सुटतो. तलावांचे अभ्यासक मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांवर काम करून हे १९४१-४२ मध्येच मांडलं. उथळ तळ्यात आणखी एक भानगड असते. भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ९ च्या वर जातो आणि मग ऑक्सिजन भरपूर असतानाही लोहाची पकड सुटते. सिप्रनससारखे तळ उकरणारे मासे सोडले असतील तर विचारूच नका.

म्हणून नाला बंद झाल्यावर काय होतं हे तळ्यागणिक बदलतं. अमेरिकेतल्या सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये येणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ दरम्यान वळवलं आणि पाणी काही वर्षांतच निवळलं. तो तलाव खूप खोल, तळाशी ऑक्सिजन टिकलेला. स्वीडनमधलं ट्रुमेन तळं जेमतेम दोन मीटर खोल. तिथं सांडपाणी बंद होऊन दहाएक वर्षं गेली तरी फरक पडेना. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये दरवर्षी अर्धा मीटर गाळ उपसला, तेव्हा कुठे फॉस्फरस उतरला. तुमचं तळं या दुसऱ्या जातीचं दिसतंय.

खात्री करणं अवघड नाही. पहाटे, ऊन चढण्याआधी, तळालगतचा विरघळलेला ऑक्सिजन मोजा. वरचं आणि तळालगतचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून एकूण फॉस्फरस तपासून घ्या. तळाचा आकडा वरच्याच्या कितीतरी पट आला तर चोर गाळातच आहे. गाळ काळाकुट्ट असून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथलं लोह सल्फाइडने, म्हणजे गंधकाच्या संयुगाने, अडकवलेलं असतं, म्हणजे फॉस्फेट धरायला ते उरतच नाही.

कल्चरने फॉस्फरस तळ्याबाहेर जात नाही, फार तर रूप बदलतो. तुरटीने तो गाळात बांधता येतो, पण मात्रा चुकून पीएच ६ च्या खाली गेला तर मासे मरतात. जाणकाराशिवाय हात लावू नका. माझं मत विचाराल तर तळं आटल्यावर वरचा मऊ काळा थर काढा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत बसतंय का ते ग्रामपंचायतीत विचारा, मात्र सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याआधी जड धातूंची तपासणी हवीच. आणि जलपर्णी काढलीत तर काठावर ढीग लावू नका. पहिल्या पावसात तिच्यातला फॉस्फरस परत तळ्यात उतरतो.