मास्तरांना विचारा : ते चाळीस गुण नक्की कुणाचे?

*मास्तर, नमस्कार. माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात शिकतो. तिकडचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, हातात चेंडू घेऊन पळायचं. शनिवारी आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजले की तो व्हिडिओ कॉल लावून ठेवतो, त्यामुळे आम्हा दोघांनाही आता त्यातलं थोडंफार कळतं. परवा त्याच्या विद्यापीठाने हेड कोचला काढलं. आता दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचं, म्हणजे आक्रमण बघणाऱ्या कोचचं, नाव पुढे आहे. त्याच्या संघाची सरासरी सामन्यामागे चाळीस गुणांची. मुलगा म्हणतो, हाच पाहिजे. आमचे हे वाळवा तालुक्याकडून कबड्डी खेळलेले. ते म्हणतात, चढाई शिकवणारा वेगळा आणि संघ चालवणारा वेगळा. दोघांची फोनवर जुंपते आणि मध्येच चहा मागतात. अशा माणसाची पारख करायची तर बघायचं काय?*
*— एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

ताई, तुमच्या यजमानांना आधी माझा नमस्कार सांगा. ते बरोबर आहेत, पण पूर्ण नाहीत. मुलाचंही अगदीच चूक नाही. दोघांनाही थोडं थोडं रागवायला मिळेल असं उत्तर देतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अकरा गडी चेंडू घेऊन पुढे सरकतात, चार प्रयत्नांत दहा यार्ड गेले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी कुणी कुठे पळायचं हे ठरलेलं असतं, आणि ते बहुतेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो. कधी मैदानाच्या कडेला उभा राहून, कधी वर काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून. आपल्याकडे कोचने दर चढाईआधी ओरडून सांगावं की बाबा डाव्या कोपऱ्याला जा, बोनसच्या नादी लागू नको, तसं. फक्त तिथे ओरडावं लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. १९९६ साली आमच्या भागातल्या एका मंडळाला कोच हवा होता आणि निवडणाऱ्या तिघांत मी होतो. एक तरुण उमेदवार आला. तो ज्या संघाच्या चढायांचं बघायचा, तो संघ त्या वर्षी दिसेल त्याच्यावर लोण चढवत सुटला होता. त्याच्याकडे दोनशे पानी वही होती. प्रत्येक चढाईची आकृती, लाल-निळ्या पेनने, पट्टी लावून. मी वहीवरच भाळलो. पुढे कळलं ते असं, की त्या संघात लांब तंगड्यांचा एक पोरगा होता. कोपरारक्षकाला पाय लावून तो परत फिरला तरी समोरच्याला पत्ता नसायचा. वहीतल्या निम्म्या चढाया त्या पोराच्या पायाच्या मापाने शिवलेल्या! आमची पोरं बुटकी, खांद्याने दणकट, डुबकी मारून निसटणारी. हा त्यांना लांब पाय टाकायला लावायचा आणि समोरचा घोटा धरून बसायचा. शिवाय पकडीच्या पोरांशी तो बोलायचाच नाही. सराव संपायचा तरी चौघंजण कडेला मातीत रेघोट्या ओढत बसलेले असायचे. दिवाळीनंतर त्याने स्वतःच काम सोडलं. चूक त्याची नव्हती, पारख माझी फसली होती. पुढे तोच एका जाणत्या कोचच्या हाताखाली गेला आणि चढाया शिकवण्यात त्याने नाव काढलं.

म्हणून मुलाला पहिलं काम हे द्या: त्या चाळीस गुणांतून लांब तंगड्यांचा पोरगा वजा करायचा. ज्या सामन्यात त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, जखमी होता, तो सामना शोधायचा आणि त्यात काय झालं ते बघायचं.

याचा मी पाहिलेला नमुना सांगतो. २०१४च्या ऑगस्टपासून मी कोलंबसला लेकीकडे होतो, नातीला सांभाळायला. ओहायो स्टेटचा पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगाम सुरू व्हायच्या आधीच खांदा दुखावून बसला. जे. टी. बॅरेट आला. दुसऱ्याच सामन्यात घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ अशी हार झाली, आणि जावयाच्या घरी दोन दिवस सुतक. मग बॅरेट रुळला, सामने जिंकत गेला, आणि नोव्हेंबरअखेर मिशिगनविरुद्ध त्याचाही घोटा मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याला घेऊन विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि अंतिम सामन्यात ओरेगनला ४२-२० हरवलं. हेड कोच अर्बन मायर, आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर टॉम हर्मन. मला त्या हंगामात दिसलं ते हे की बॅरेटसाठीचं आक्रमण जोन्सवर जसंच्या तसं चढवलं नाही. जोन्स धिप्पाड, हात दणकट. त्याला लांब फेकू दिलं. म्हणजे माप घेऊन शिवणारा शिंपी, तयार कपडे विकणारा नव्हे. त्या वर्षी सर्वोत्तम साहाय्यक कोचला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार हर्मनला मिळाला, तो मला तरी योग्य वाटला.

आता यजमान विचारतील, मग पुढे काय झालं? पुढे हर्मन ह्यूस्टनला हेड कोच झाला आणि पहिल्याच वर्षी १३ जिंकून एकच हरला. मग टेक्सासच्या बड्या विद्यापीठाने उचलला. तिथे चार वर्षांत ३२ विजय, १८ पराभव, आणि २०२१च्या जानेवारीत नारळ. त्याच्या जागी कोण आला? अलाबामाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह सार्किसियन, तोही ताजा ब्रॉयल्सवाला! पहिल्या वर्षी पाच जिंकले, सात हरले. कमिटीतल्या लोकांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल. पण त्यांनी त्याला ठेवला, आणि २०२३च्या हंगामात तोच संघ १२ सामने जिंकून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये गेला. सार्किसियनने आधी दोन विद्यापीठांत हेड कोचचं काम केलेलं होतं, म्हणजे ठेचा खाऊन झालेल्या होत्या. माझ्या मते ते त्याच्या पुरस्काराहून जास्त कामाला आलं.

दुसरी गोष्ट, श्रेय कुणाचं. २०१९ला लुइझियानाच्या एलएसयू संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. क्वार्टरबॅक जो बरोने ६० टचडाउन पास, म्हणजे झेलला की थेट गुण देणारे पास, फेकले. आदल्या वर्षी त्याच्या नावावर अवघे १६ होते. सगळीकडे नाव झालं तरुण जो ब्रेडीचं, ब्रॉयल्सही त्यालाच. पण त्याचं पद पासिंगपुरतं होतं. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्स्मिंगर नावाचे जुनेजाणते गृहस्थ होते. शिवाय व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात त्या पुढच्या ड्राफ्टमध्ये बरो पहिला गेला, आणि त्याचे दोन झेल घेणारे, त्याच वर्षी जस्टिन जेफरसन आणि पुढच्या वर्षी जमार चेस, तेही पहिल्याच फेरीत गेले. ब्रेडी लगेच व्यावसायिक लीगमधल्या कॅरोलिनाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला आणि दुसरा हंगाम संपायच्या आत त्याला जावं लागलं. पोरगा हुशार नव्हता असं मी म्हणत नाही, एका वर्षात १६चे ६० उगाच होत नाहीत. पण तुमच्या मुलाने शोधून काढावं की त्याच्या लाडक्या उमेदवाराच्या संघात चाल सांगतो कोण, तो स्वतः की त्याचा हेड कोच. कागदावरचं पद आणि हेडफोनमधला आवाज दर वेळी एकाच माणसाचा नसतो.

आता चाळीसच्या आकड्याकडे येऊ. सरासरीवर माझा विश्वास कमी. समजा एक संघ घाईघाईने खेळतो, त्याला सामन्यात चौदा वेळा चेंडू मिळतो आणि तो ४२ गुण करतो. दुसरा संथ, दहा वेळा चेंडू मिळून ३५. पेपरात पहिला मोठा दिसतो. भागून बघा: पहिल्याचे दर वेळी तीन गुण, दुसऱ्याचे साडेतीन. आपण चढाईमागे गुण बघतो ना, तसंच. घाईने खेळणाऱ्याची आणखी एक भानगड म्हणजे आपलीच बचावफळी सारखी मैदानात जाऊन दमते. त्याशिवाय हंगामाच्या सुरुवातीला बडी विद्यापीठं लहानांना पैसे मोजून घरी खेळायला बोलावतात आणि साठ-साठ गुण ओढतात. ते सामने मुलाला सरळ काट मारायला सांगा. निकाल लागून गेल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत केलेले गुणही. एवढं करून चाळीसचे तीस उरले, तरी माणूस चांगला आहे. बावीस उरले तर यजमानांना पुरणपोळी.

मी स्वतः तिसरा क्वार्टर, म्हणजे मध्यंतरानंतरचा पहिला भाग, बघतो. पुष्कळ कोऑर्डिनेटर पहिल्या दहा-पंधरा चाली आदल्या रात्रीच लिहून ठेवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शने ही पद्धत गाजवली. त्यामुळे सुरुवातीचे गुण म्हणजे घरून पाठ करून आणलेला धडा. मध्यंतरात समोरचा शहाणा होऊन येतो, आणि मग याच्याकडे स्वतःचं काय आहे ते उघडं पडतं.

आणि आता यजमानांचा मुद्दा, जो मी मुद्दाम मागे ठेवला. हेड कोचचं काम वेगळंच आहे. शंभरावर पोरं, त्यांचे आईबाप, डझनभर साहाय्यक. २०२१च्या जुलैपासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालंय, म्हणजे दर हिवाळ्यात निम्मं घर पुन्हा मांडायचं. चाली रचणाऱ्याला हे येईलच असं नाही. क्लेम्सनने २००८च्या ऑक्टोबरमध्ये डॅबो स्विनीकडे संघ सोपवला, तेव्हा तो कोऑर्डिनेटरही नव्हता, नुसता झेल घेणाऱ्यांना शिकवायचा. त्याने दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. उलट लिंकन रायली ३३व्या वर्षी ओक्लाहोमाचा हेड कोच झाला आणि चाली स्वतःच सांगत राहिला. त्याच्या क्वार्टरबॅकांनी २०१७, २०१८ आणि पुढे दुसऱ्या विद्यापीठात २०२२चा, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन पुरस्कार नेला. पण त्याच्या बचावफळीवर लोक सतत बोट ठेवत आले, आणि २०२३ला त्याने बचावाचा कोऑर्डिनेटर हंगाम संपायच्या आतच बदलला.

म्हणून मी त्या निवड समितीत असतो तर आक्रमणाबद्दल फार विचारलं नसतं. विचारलं असतं, तुमची बचावफळी कुणाच्या हाती देणार, आणि तो माणूस यायला तयार आहे का, आत्ता माझ्यासमोर त्याला फोन लावा. दुसरं, तुम्ही हरलेला एक सामना सांगा. पोराच्या हातून चेंडू सुटला, असं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवतो. तिसऱ्या प्रयत्नाला मी नको ती चाल मागितली, असं म्हणाला तर चहा मागवतो.

तो सामना कुठला, हे तुमच्या मुलाला इंटरनेटवर पत्रकार परिषदांमध्ये सापडेल. हरल्यानंतरच्या तेवढ्या बघायला सांगा, जिंकल्यानंतर सगळेच गोड बोलतात.

*मास्तर, जो स्वतः वरच्या पातळीवर खेळला नाही त्याला कोच करावं का? आमच्या मंडळात यावरून दोन गट पडलेत.*
*— एक वाचक, कऱ्हाड*

करावं. वरच्याच खेळातला माइक लीच कॉलेजात फुटबॉल खेळला नव्हता, वकिलीची पदवी घेतलेला माणूस. तीन मोठ्या विद्यापीठांचा हेड कोच झाला आणि त्याची चेंडू फेकत राहण्याची पद्धत देशभर पसरली. तुमच्या दोन्ही गटांना म्हणावं, उमेदवाराला एक रविवार सकाळी मैदानावर बोलवा, सगळ्यात कच्ची चार पोरं द्या, आणि तुम्ही लांब बाकावर बसून बघा. वही आणली असेल तर ती तुमच्याकडे ठेवून घ्या.