टेबलाखालचा सोबती

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

एकटीने लिहायला बसवत नाही, कुत्रा आणू का, असं विचारलंस. आण. मात्र पहिले सहा महिने लिहिणं होणार नाही. शी-शू, कुरतडलेल्या चपला आणि रात्रीचं रडणं यातच जातील. हे आधीच सांगून ठेवतो.

माझा बंड्या गावठी. अकरा वर्षं टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपतोय. पायाला मुंग्या येतात, पण त्याची झोप मोडायला नको म्हणून मी उठत नाही. निव्वळ या भिडेपोटी कितीतरी पानं लिहून झालीत! आणि साडेपाच वाजले की पंजा मांडीवर. वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. आधी चिडायचो. मग लक्षात आलं, अर्धवट सोडलेलं वाक्य चालताना डोक्यात घोळत राहतं आणि परत आल्यावर कोऱ्या पानाची धास्ती नसते. फिरताना मोबाइल घरी ठेव. परवा एका खांबापाशी स्वारी चांगली चार मिनिटं हुंगत उभी राहिली, तेवढ्यात कथेतल्या सासूचं अडलेलं वाक्य सापडलं: ‘चहा गाळलाय, पण तुला नकोच असेल.’

संवाद कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखव. माणसापुढे वाचताना आपण आवाजाने कच्ची जागा झाकतो. बंड्यापुढे कशाला झाकायची? जीभ अडखळली की तिथे पेन्सिलीची खूण करायची.

कागद उंचावर ठेव. १९३६ साली अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या टोबी नावाच्या पिल्लाने ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरीचं जवळपास अर्धं हस्तलिखित फाडलं. दुसरी प्रत नव्हती, दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तरी स्टाइनबेकची शंका अशी की बिचाऱ्या पिल्लाने समीक्षा केली असावी!

बाकी रेबीजची लस चुकवू नकोस. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. दिवाळीत फटाके सुरू झाले की बंड्या पलंगाखाली आणि मी शेजारी फरशीवर. ते चार दिवस लेखनाला सुट्टी.

आणि हो, पिल्लू आणण्याआधी घरमालकाला विचार. तो नाही म्हणाला, तर तुमच्या गेटपाशी ती एक कान फाटलेली कुत्री बसते ना, तिच्याबरोबर आठवडाभर चालून बघ. संध्याकाळी ती कुठे असते, वॉचमनला माहीत असेल.

तुझा,
काका