आधी वारा तोंडावर घे

पोरी,

सायकलचा फोटो बघितला. 21 गिअर म्हणजे चैनच आहे. आमच्या वेळी मोठ्यांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायचं. सीटवर बसायला मिळणं ही बढती होती.

रोज किती किलोमीटर चालवू, असं विचारलंयस. ते तुझे गुडघे सांगतील. मला विचारायचंच असेल, तर कुठल्या दिशेला निघू ते विचार.

आपल्याकडे सोलापुरात आषाढात पाऊस हुलकावणी देतो, वारा मात्र पश्चिमेकडून नुसता ढकलत असतो. कॉलेजात असताना अशाच दिवसांत मी अक्कलकोटला निघालो. 38-40 किलोमीटर कधी संपले कळलं नाही. वाटलं, काय पाय आहेत आपले! परतताना कळलं, पाय वाऱ्याचे होते. वळसंगच्या अलीकडेच उतरलो आणि सायकल हातात धरून चालायला लागलो. एका टपरीवाल्याने चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. इतकी चवदार शेंगाचटणी पुन्हा खाल्ली नाही, पण ती अक्कल महागात पडली. म्हणून या दिवसांत मंगळवेढ्याच्या रस्त्याला लाग. वारा आधी तोंडावर घे, दम निम्मा उरला की वळ. घरी तोच पोचवेल.

सीट उंच करून घे. पेडल खाली असताना त्यावर टाच टेकली की गुडघा सरळ व्हायला हवा. दुकानात हे कुणी बघत नाही.

आता पंक्चर. सराटे आणि बाभळीचे काटे आपल्या रस्त्यांना कमी नाहीत, तेव्हा हे शिकच. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं सोपं असतं. घाई नडते ती पुढे. कानशीने घासून सोल्युशन लावलंस की थांब. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाब. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरव. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, ते फडक्याच्या धाग्याला अडकतं. मी एकदा ते बघितलं नाही आणि एकाच काट्याने दोनदा पंक्चर झालो. (दुसऱ्या वेळी पंक्चरवाला हसला. पैसे मात्र पूर्ण घेतले.)

उन्हाळ्यात आठच्या आत घरी ये, तेव्हा हौस दाखवू नकोस.

एकदा नान्नजला जाऊ. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, पण आता माळढोक दिसेल असं मी तुला सांगणार नाही. काळवीट दिसतात. मोटारसायकलवरून गेलो तेव्हा नुसत्या पळणाऱ्या पाठी दिसल्या होत्या. सायकलवरून गेलो, तर एका नराने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागला. मी पेडल थांबवलं होतं. फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी चालू होती.

रविवारी साडेपाचला चार पुतळ्यांपाशी ये. पंप माझ्याकडे आहे. शेंगाचटणी तू आण.

तुझा,
काका