तिकीट महाग झालं म्हणून फुटबॉलचे चाहते चालू मॅच सोडून बाहेर का जातात? परवडत नसेल तर तिकीट काढूच नये ना?

"परवडत नसेल तर काढूच नये ना" हे वाक्य आमच्या भावोजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की नाव बदलून त्यांनीच हा प्रश्न टाकलाय की काय, अशी आधी शंका आली. प्रोफाइल बघितलं. तुम्ही नाशिकचे दिसताय, म्हणजे ते नाहीत. तरी उत्तर दोघांनाही लागू आहे.

तिकीट न काढल्याने कुणालाही काहीही कळत नाही. अ‍ॅनफिल्डच्या, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या मैदानाच्या, सीझन तिकिटाची वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षं तुंबलेली असते. तुम्ही बाणेदारपणे जागा सोडलीत की ती लगेच दुसऱ्याच्या नावावर चढते, क्लबचा एक पौंड बुडत नाही आणि टीव्हीवर स्टँड गच्च भरलेलाच दिसतो. घरी बसून निषेध म्हणजे आपलाच चहा आपणच गार करणं. म्हणून पैसे मोजून आत जायचं आणि कॅमेरे चालू असताना उठायचं. रिकाम्या खुर्च्या जगाला दिसल्या पाहिजेत, त्यासाठीच सगळा खटाटोप.

तुमच्या डोक्यात बहुतेक लिव्हरपूलचंच प्रकरण असणार. ६ फेब्रुवारी २०१६, समोर संडरलँड. पुढच्या हंगामासाठी वाढवलेल्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ वर न्यायचं मालकांनी जाहीर केलं होतं, आपले तेव्हाचे साडेसात हजारांच्या आसपास. काही सीझन तिकिटं पहिल्यांदाच हजार पौंडांच्या वर जाणार होती. म्हणून चाहत्यांनी ठरवलं, ७७व्या मिनिटाला उठायचं. साधारण दहा हजार लोक उठले.

आणि लोअर परळच्या एका बारमध्ये आम्हीही उठलो.

आता हसा. भावोजीही हसले होते. आमचा मॅच बघणारा ग्रुप आहे, सगळे लालबाग, परळ, वरळीचे, एकदोन ठाण्याचे. ग्रुपवर आदल्या रात्री ठरलं की तिकडे उठतील तेव्हा इकडे आपणही उठायचं. भावोजी त्या दिवशी आमच्याकडे आले होते, ताई म्हणाली, यांनाही घेऊन जा, घरात बसून माझं डोकं खातात. ते एका मोठ्या कंपनीत मार्केटिंगला आहेत, वस्तूची किंमत ठरवणं हाच त्यांचा धंदा. म्हणजे त्या टेबलावर सगळ्यात चुकीचा माणूस मीच नेऊन बसवला होता.

मॅच आपल्याकडे साडेआठला. लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉप डगआउटमध्ये नव्हता, त्याचं त्याच दिवशी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. फर्मिनोने एक मारला, लल्लानाने दुसरा. २-०. बारमध्ये नुसता धुरळा. आणि दहाच्या थोडं पुढे घड्याळात ७७ झाले, आम्ही लाल जर्सीवाले एकदम खुर्च्या मागे सारून दरवाजाकडे निघालो.

दारावरच्या बाउन्सरने हात आडवा घातला. "बिल?"

आम्ही म्हटलं, परत येतोय, दहा-पंधरा मिनिटांत. तो म्हणाला, "सब के सब?" त्याचंही बरोबर होतं म्हणा, शनिवारची रात्र आणि अख्खं टेबल एका झटक्यात उठून चाललंय. आमच्यातला एकजण त्याला लिव्हरपूलच्या तिकिटाचे दर समजावून सांगायला लागला. बाउन्सरने शांतपणे ऐकून घेतलं आणि परत म्हणाला, "बिल?" शेवटी भावोजींनी टेबलावरूनच हात वर केला की मी आहे इथे. ते आमचे जामीन. मसाला पीनटची प्लेट त्यांच्याच पुढ्यात होती.

बाहेर फुटपाथवर आम्ही उभे. पानवाल्याने विचारलं, "क्या हुआ, लाइट गया क्या?" काय सांगणार त्याला. आत एकदम "अर्रर्र" असा आवाज आला, थोड्या वेळाने तसाच अजून एक. भावोजींचा मेसेज आला: "२-२. करा अजून आंदोलन." अ‍ॅडम जॉन्सनची फ्री किक आणि मग डेफो, दोघे संडरलँडचे. पुढे किती दिवस प्रत्येक जेवणाला तो विषय होता. तुम्ही उठलात म्हणून गोल खाल्ले, तिकीट तिकडचं आणि उठताय तुम्ही इकडे, साडेसात हजार तुमच्या खिशातून जाणार होते का, आणि मग फेरा पूर्ण करून तेच: परवडत नसेल तर काढूच नये.

त्यानंतरच्या बुधवारी मालकांनी जाहीर माफी मागितली. ७७ पौंडांचं तिकीट रद्द, वरचा दर दोन हंगाम ५९लाच गोठवला. मी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. भावोजींनी अंगठा दाखवला. बास.

तेव्हा "होतं का काही अशाने" असं कुणी विचारलंच, तर उत्तर: होतं. त्याच वर्षी प्रीमिअर लीगने बाहेरगावी जाणाऱ्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली, त्यामागे किती वर्षांची चळवळ होती. २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या लोकांनी आर्सेनलकडचं ६२ पौंडांचं तिकीट नाकारून शेकडो तिकिटं परत पाठवली होती, २०१५ मध्ये जर्मनीच्या बायर्नचे चाहते ६४ पौंडांच्या तिकिटावरून आर्सेनलच्याच मैदानात पहिली पाच मिनिटं आपल्या जागेवर आलेच नव्हते. आणि लिव्हरपूलनंतर तीनच दिवसांनी जर्मनीतच डॉर्टमुंडच्या पोरांनी महाग तिकिटांवरून श्टुटगार्टच्या मैदानात टेनिस बॉल फेकले. मला तर तेच सगळ्यात आवडलं. टेनिस बॉल कुठल्याही गल्लीत मिळतो.

पण भावोजींची खरी चूक हिशेबात आहे. ते म्हणतात मागणी जास्त, पुरवठा कमी, तर दर चढणारच, यात मालकाचा काय दोष. साहेब, शॅम्पू महाग झाला तर माणूस दुसरा शॅम्पू घेतो. वडिलांनी खांद्यावर बसवून ज्या स्टँडमध्ये नेलं तो स्टँड महाग झाला तर माणूस त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, एव्हर्टनचा होतो का? त्याला जायला दुसरं दुकानच नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. आणि दुसरं म्हणजे मालक टीव्हीवाल्यांना जे विकतो त्यात त्या माणसाचा घसाही असतो. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांचे फक्त ब्रिटनमधले थेट प्रक्षेपणाचे हक्क ५१३ कोटी पौंडांच्या वर गेले होते. एवढा पैसा येत असताना गेटवरच्या माणसाकडून अजून अठरा पौंड काढायचे, याला व्यवहार नाही, हावरटपणा म्हणतात.

आणि मुंबईत बसून तिकिटाच्या भांडणाला नाकं मुरडू नयेत. वानखेडे उभं राहिलं तेच मुळी ब्रेबॉर्नच्या मालकांनी, म्हणजे सीसीआयने (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया), तिकिटांच्या वाट्यावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशनशी वाद घातला म्हणून. चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधलं आपल्या लोकांनी. भावोजी दरवर्षी तिथे मॅच बघतात, पासवर.

आता भावोजींचा हुकमाचा एक्का. जून २०१८, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. आपण ५-० जिंकलो, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं २,५६९. छेत्रीने व्हिडिओ करून हात जोडले, शिव्या द्यायला या पण या, तेव्हा कुठे केनियाच्या मॅचला स्टेडियम भरलं. भावोजी म्हणतात, बघ, इथे स्वस्त दिलं तरी कुत्रं येत नाही, तिथे महाग करूनही रांगा. मान्य, आकडा खरा आहे. पण त्या दोन मॅचच्या मधे दर थोडेच उतरले होते? एका माणसाने मनापासून बोलावलं आणि लोक पावसात गेले. तुमच्या मागणी-पुरवठ्याच्या पुस्तकात याचं पान दाखवा. (भावोजी त्या दिवशी सोफ्यावर होते. मी केनियाला गेलो होतो, बूट आठवडाभर वाळत होते.)

आणि त्यांच्या पद्धतीचा प्रेक्षक कसा असतो तेही मी बघितलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमारचा सौदी क्लब अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला डी. वाय. पाटीलला आला. कोण कुणाशी खेळणार याचा ड्रॉ निघाला तेव्हाच भावोजींनी ठरवून टाकलं, नेमार बघायचा, चांगल्यातली जागा घ्यायची, पैशाचं बघू. ऑक्टोबरमध्ये नेमारचा गुडघा गेला, तो येणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी आले, कारण तिकीट वाया जाईल. बसल्यापासून तोंड पाडून. मुंबई सिटी ०-२ हरत होती, शेजारचे ढोल बडवत होते, आणि हे मोबाइलवर ट्रेनचं टाइमटेबल बघत होते. शिट्टी वाजायच्या आधीच नेरूळ स्टेशनकडे. चालू मॅच सोडून बाहेर. त्या वेळी मी काही बोललो नाही, ताई सोबत होती. आता बोलतो: चालू मॅच सोडणं एवढं हास्यास्पद असेल, तर आमच्या उठण्याला निदान कारण होतं.

एक गोष्ट राहिली, ती सांगायलाच हवी, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सुनावेलच. लिव्हरपूलच्या त्या दरपत्रकात काही मॅचना ९ पौंडांची तिकिटंही होती, सगळंच वाढवलं नव्हतं. आणि दर वर ढकलणाऱ्यांत आपणही आहोत. ऑफिसच्या कामाने लंडनला गेलेला आपला माणूस तिथून लिव्हरपूल गाठून हॉस्पिटॅलिटी पॅकेज घेतो, स्कार्फ घेतो, पूर्वार्धभर रील काढतो. तिथल्या पोराची जागा त्याच्यासाठीच महाग होते. आमच्या ग्रुपमध्येही असे दोघे आहेत, आणि पैसे जमले तर तिसरा मी असेन, नाही कशाला म्हणू. पण कॉपला, म्हणजे तिथल्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडमध्ये, उभं राहून गाणाऱ्याला "परवडत नसेल तर येऊ नको" हे मी तरी सांगणार नाही. तुम्हाला सांगायचंच असेल तर भावोजींचा नंबर मेसेजमध्ये देतो, दोघं मिळून सांगा.